दत्त आणि गृहीत

भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि धर्मविचार या विद्याशाखांना आपण एकत्रितपणे मानव्यविद्या म्हणतो. माणसाने स्वतःविषयी जो विचार केला, जे भोगले आणि जे लिहून ठेवले, त्याचा अभ्यास या शाखांत होतो. गेल्या काही दशकांत या शांत परिसरात एका नव्या शब्दाची वर्दळ सुरू झाली आहे. 'डेटा' हा तो शब्द. मराठीत त्यासाठी 'विदा' हा प्रतिशब्द रूढ होत आहे. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी पूर्वी 'मी अमुक ग्रंथ वाचले' असे सांगत असे. आता तो 'माझ्याजवळ एवढी विदा आहे' असे सांगतो. ग्रंथांतील शब्द मोजले जातात, जुन्या नोंदवह्यांचे तक्ते तयार होतात, थोरांच्या पत्रव्यवहाराचे नकाशे निघतात आणि हे सारे संगणक पाहता पाहता करून देतो. आपल्या घरांतील मुलेमुली आज महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत हीच पद्धत शिकत आहेत. त्यामुळे हा विषय केवळ पंडितांपुरता राहिलेला नाही.

या पद्धतीला विरोध करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तिची आरती ओवाळावी असाही नाही. मोजणीमुळे पूर्वी न दिसलेल्या अनेक गोष्टी दिसू लागल्या, हे मान्य करायलाच हवे. परंतु मोजण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो विचारण्याची सवय मात्र आपल्या शिक्षणातून लागत नाही. तो प्रश्न असा : ही विदा आली कोठून?

शब्दाच्या मुळापासूनच सुरुवात करू. सेमिनरीत शिकलेल्या थोड्याफार लॅटिनच्या आधारे एवढे सांगता येते की 'दातुम' म्हणजे 'दिलेले' आणि 'दाता' हे त्याचे अनेकवचन. संस्कृतातील 'दा' या धातूशी आणि 'दत्त' या रूपाशी त्याचे थेट नाते आहे. म्हणजे डेटा हा आपला 'दत्त'च. या शब्दात एक मोठा दावा दडलेला आहे. जणू वस्तुस्थितीने आपण होऊन हे दान आपल्या ओंजळीत टाकले आणि आपण ते केवळ मोजून घेतले! जोहाना ड्रकर या अमेरिकन विदुषीने २०११ साली नेमके याच दाव्यावर बोट ठेवले. मानव्यविद्यांत कोणतीही सामग्री 'दिलेली' नसते, ती कोणीतरी 'घेतलेली' असते. म्हणून 'दाता' न म्हणता 'काप्ता' म्हणावे, असे तिने सुचवले. 'काप्ता' म्हणजे हस्तगत केलेले, उचललेले.

मराठी वाचकाला हा भेद समजायला लॅटिनचीही गरज नाही. 'घेतलेले' यासाठी आपल्याकडे 'गृहीत' हा शब्द आहे आणि त्याचा व्यवहारातला अर्थ मोठा बोलका आहे. पुरावा न मागता जे मान्य करून पुढे जायचे, ते आपण 'गृहीत धरतो'. घेणे आणि गृहीत धरणे या दोन क्रिया आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. ज्याला आपण दत्त समजतो, ते बहुधा गृहीत असते. कोणीतरी ते निवडून घेतलेले असते आणि घेताना काही गोष्टी विनातक्रार मान्य केलेल्या असतात. हे विधान तात्त्विक वाटेल. म्हणून काही प्रत्यक्ष उदाहरणांवर ते पारखून पाहू.

पहिले उदाहरण या पद्धतीच्या जन्माचेच आहे आणि तिचा जनक एक कॅथलिक धर्मगुरू होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. फादर रॉबेर्तो बुसा हे इटालियन येशूसंघीय. त्यांचा जन्म १९१३ चा. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातील 'सान्निध्य' ही कल्पना त्यांनी डॉक्टरेटसाठी घेतली होती आणि १९४६ साली रोम येथील ग्रेगोरियन विद्यापीठात हा प्रबंध पूर्ण केला. सान्निध्य या अर्थाचे लॅटिन शब्द थॉमसच्या ग्रंथांत शोधताना त्यांच्या ध्यानात आले की खरा विचार त्या भारदस्त नामांत नाहीच. तो 'इन' या अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या अव्ययात आहे. 'इन' म्हणजे 'मध्ये', 'आत'. देव जगात आहे, आत्मा देहात आहे, अशा वाक्यांतील 'त' हाच सान्निध्याचा गाभा होता. फादर बुसा यांनी या शब्दाची स्थळे टिपण्यासाठी सुमारे १०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप, तर सगळ्या शब्दांसाठी किती? या विचाराने ते १९४९ साली न्यूयॉर्कला आयबीएम कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांना भेटले आणि छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणारी त्यांची यंत्रे या कामासाठी मिळवली. १९५१ साली थॉमसच्या काव्यरचनांची शब्दसूची नमुन्यादाखल निघाली. पुढे १९७४ ते १९८० या काळात 'इंडेक्स थॉमिस्टिकस' ही महासूची ५६ खंडांत छापून झाली. तीत सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची नोंद आहे. २०११ साली फादर बुसा निवर्तले, तेव्हा मानव्यविद्यांतील संगणकीय अभ्यासाचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव जगभर झाले होते.

या महासूचीचे मोठेपण निर्विवाद आहे. तरीही समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर तिच्या प्रत्येक पानामागे कोणाचा तरी निर्णय उभा आहे. पहिला निर्णय संहितेचा. थॉमसच्या ग्रंथांची कोणती छापील प्रत घ्यायची? पोप तेरावे लिओ यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड १८८२ साली निघाला आणि ती आवृत्ती आजही अपुरी आहे. जिथे ती नव्हती तिथे अन्य प्रती घेणे भाग होते. दुसरा निर्णय शब्द म्हणजे काय, हा. लॅटिनमध्ये 'फेरो', 'तुली' आणि 'लातुम' ही तीन रूपे एकाच क्रियापदाची आहेत. यंत्राला ती तीन निरनिराळी दिसतात. उलट 'एस्त' या एकाच रूपाचा अर्थ 'आहे' असाही होतो आणि 'खातो' असाही. मराठीतही तेच आहे. 'जातो' आणि 'गेला' यांचे कूळ एक, पण तोंडवळा वेगळा. आणि 'वर' हा शब्द नवरा मुलगा आहे, आशीर्वाद आहे की छपराची दिशा आहे, हे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. हे सारे माणसांनी बसून ठरवले. यंत्राच्या तासांपेक्षा माणसांचे तास कितीतरी पटींनी अधिक लागले, हे स्वतः फादर बुसा यांनी नमूद करून ठेवले आहे.

ती माणसे कोण होती? उत्तर इटलीतील गालाराते या गावी फादर बुसा यांच्या केंद्रात तरुण मुली पत्त्यांवर छिद्रे पाडण्याचे काम करीत. त्यांना लॅटिन येत नव्हते आणि ते न येणे हाच त्यांचा गुण मानला गेला. जाणकार माणूस आत्मविश्वासाने भरभर टाइप करतो आणि चुकतो. न जाणणारी मुलगी अक्षर न् अक्षर पाहून टिपते, अशी फादरांची धारणा असल्याचे त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे सांगितले. या मुलींची छायाचित्रे संग्रहात राहिली, परंतु त्यांची नावे दीर्घकाळ कोठे आली नाहीत. अलीकडे ज्युलिअन नायहन या संशोधिकेने त्यांच्यापैकी काहींचा शोध घेऊन त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि त्यावर ग्रंथ लिहिला. ज्या महासूचीत थॉमसचा एकही शब्द सुटू नये म्हणून एवढी दक्षता घेतली गेली, तिच्या घडणीत या मुलींची नावे सुटून गेली! फादर बुसा यांना दूषण देण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्या काळची ती रीतच होती. मात्र, विदा आपोआप जन्मत नाही, ती कोणाच्या तरी श्रमातून येते आणि ते श्रम विसरले जातात, हे यातून स्पष्ट दिसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फादर बुसा यांचा मूळ प्रश्न मराठीला विचारायचा म्हटला तर काय होईल? लॅटिनमधील 'इन' हा सुटा शब्द आहे. तो मोजता येतो. मराठीत त्याची जागा बहुधा प्रत्यय घेतो : घरात, मनात, देवात, प्रेमात. सुटे शब्द मोजणाऱ्या यंत्राला मराठी ग्रंथात हा 'इन' अभावानेच सापडेल आणि एखादा घाईचा अभ्यासक असा निष्कर्ष काढील की मराठी माणसाला सान्निध्याची कल्पनाच नाही. हा विनोद वाटेल. परंतु एका भाषेसाठी घडवलेले माप दुसऱ्या भाषेला लावले की असे विनोद गंभीर चेहऱ्याने घडतात. आज मोजणीची बहुतेक साधने युरोपीय भाषांच्या अंगाने घडलेली आहेत. मराठीच्या अभ्यासकाने ती वापरण्यापूर्वी आपल्या भाषेच्या मापाची करून घ्यायला हवीत.

आता आपल्या अधिक जिव्हाळ्याच्या ग्रंथाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हे मराठी ख्रिस्ती साहित्याचे आद्यपीठ. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली त्याची पुनर्मुद्रणे झाली. दोन पुराणांची मिळून ओवीसंख्या १०,९६२ अशी सांगितली जाते. आज ही सगळी संहिता संगणकात भरून तिच्यातील शब्द मोजणे अवघड नाही. कोणी विद्यार्थी ते करील, तर त्याचे स्वागतच करावे. परंतु त्याने प्रथम हे सांगावे की त्याने कोणते ख्रिस्तपुराण मोजले.

प्रश्न विचित्र वाटला तरी अगत्याचा आहे. त्या तीन मुद्रणांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूर येथे १९०७ साली जे. एल. सल्दान्हा यांनी हस्तलिखितांवरून रोमी लिपीत जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामुळे हा ग्रंथ आधुनिक वाचकाला मिळाला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. दुसरीकडे लंडनला मार्सडन यांच्या संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे आणि त्यातील शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर आहे. रोमी परंपरेत जिथे ख्रिस्ती संज्ञांसाठी पोर्तुगीज वा लॅटिन शब्द येतात, तिथे या हस्तलिखितात अनेकदा संस्कृत शब्द येतात. यांपैकी फादर स्टीफन्स यांच्या मूळ लेखणीला अधिक जवळचे कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

याचा परिणाम पाहा. 'फादर स्टीफन्स यांनी किती परकीय शब्द वापरले?' या साध्या प्रश्नाचे उत्तर मंगळूरच्या आवृत्तीवरून एक येईल आणि लंडनच्या हस्तलिखितावरून दुसरे. दोन्ही उत्तरे गणिताने बिनचूक असतील. त्यात भर म्हणजे येशूच्या चमत्कारांवरील २३७ ओव्यांचा एक भाग स्टीफन्स यांचा नसून पाद्री पास्कोआल गोमेश द फारिया यांचा आहे. मोजणीत तो धरायचा की वगळायचा? रोमी लिपीत ट, ड, ण यांसारख्या मूर्धन्य वर्णांसाठी अक्षर दुप्पट लिहिण्याची जुनी रीत होती; नकलाकारांनी ती एकसारखी पाळली नाही, तर यंत्र एकाच शब्दाचे दोन शब्द करून मोजणार. अशा प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काहीतरी ठरवतो आणि शेवटी हाती येणारा आकडा त्या सगळ्या ठरवण्यांची बेरीज असते.

हे केवळ पंडिती काथ्याकूट आहे, असे कोणी समजू नये. ख्रिस्तपुराणाची भाषा मराठी की कोकणी, हा वाद जुना आहे आणि त्याला भावनेची धार आहे. अशा वादात आकडा हाती आला की तो शस्त्रासारखा वापरला जातो. 'अमुक टक्के शब्द आमचे' असे म्हणणाऱ्याला कोणत्या प्रतीतील, कोणी वर्गवारी केलेले आणि दोन्ही भाषांत समान असलेले शब्द कोणाच्या खाती मांडलेले, असे विचारले पाहिजे. तो अप्रामाणिक असतो असे नाही. त्याने काय गृहीत धरले, हे त्याचे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

आणि प्रत निश्चित झाली, वर्तनी एकसारखी झाली, तरी अर्थ उरतोच. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ती स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला आहे. यंत्र हा शब्द किती वेळा आला ते सांगेल. एक वाचक तो आकडा पाहून म्हणेल की हा पाद्री मनाने हिंदू परंपरेत विरघळला. दुसरा म्हणेल की त्याने लोकांना भुलवण्यासाठी त्यांचाच शब्द पळवला. आकडा दोघांच्याही बाजूने साक्ष देईल, कारण आकड्याला यातले काहीच ठाऊक नाही. त्या शब्दात कवीने जुन्या अर्थातले किती राखले आणि नवे काय भरले, हे ओवी वाचूनच कळते. तीही एकटी नव्हे, मागच्यापुढच्या ओव्यांसह. मोजणी आपल्याला कोठे थांबून वाचावे ते दाखवते. वाचनाचे काम तिच्याकडून होत नाही.

ग्रंथाची प्रत निवडावी लागते, तसे बोलीचे नमुनेही निवडावे लागतात. सर जॉर्ज ग्रीअर्सन यांनी संपादिलेल्या 'भारतीय भाषांच्या सर्वेक्षणा'चा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांची बोली 'किरिस्ताव' या नावाखाली नोंदलेली आहे. आपल्या बोलीचा अभ्यास करणाऱ्याला हा खंड टाळता येत नाही आणि टाळूही नये. परंतु ती सामग्री कशी जमवली ते पाहावे. सर्व बोली एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून प्रत्येकीत एकच मजकूर भाषांतरित करवून घेण्यात आला आणि तो म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. त्याच्या जोडीला एखादा स्थानिक मजकूर आणि ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी, अशी योजना होती. तुलनेसाठी ही युक्ती उत्तमच. पण उधळ्या पुत्राच्या दाखल्यात वडील आहेत, दोन मुलगे आहेत, डुकरे आणि पुष्ट वासरू आहे, आई नाही. समुद्र नाही, जाळे नाही, पानवेलींची बाग नाही, विहिरीवरचा रहाट नाही. ज्या बोलीचे अर्धे वैभव बायकांच्या लग्नगीतांत आणि कोळ्यांच्या होडीवर आहे, तिचा ठसा पॅलेस्टाइनमधील एका घराच्या कथेवरून घेतला, तर त्यात काय उमटेल आणि काय नाही, हे उघड आहे. ग्रीअर्सन यांचे काम अपार मोलाचे आहे. मात्र 'या खंडात अमुक शब्द नाही, म्हणून तो बोलीत नव्हता' असे अनुमान कोणी काढले, तर दोष त्या खंडाचा नसेल.

शेवटचे उदाहरण आपल्या धर्मग्रामाच्या कपाटातले. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू आदी नोंदींचे नमुने घालून दिले. ज्या काळी सरकारी जन्ममृत्यूची नोंद नव्हती, त्या काळच्या सामान्य माणसाचे नाव जगात कोठे सापडत असेल तर ते अशा वह्यांत. युरोपातील इतिहासकारांनी विसाव्या शतकात हे धन ओळखले. फ्रान्समध्ये लुई आन्री यांनी नोंदवह्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे पुन्हा उभी करण्याची पद्धत बसवली. इंग्लंडमध्ये रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी तेथील अँग्लिकन पंथाच्या ४०४ धर्मग्रामांच्या नोंदींवरून १५४१ ते १८७१ या काळातील लोकसंख्येचा इतिहास सिद्ध केला आणि १९८१ साली तो प्रसिद्ध झाला. मूळ वह्यांतील आकडे काढण्याचे काम गावोगावच्या हौशी इतिहासप्रेमींनी केले होते.

या संशोधकांचा खरा मोठेपणा असा की वहीत काय नाही, याचाही त्यांनी हिशेब मांडला. ही वही लोकसंख्या मोजण्यासाठी लिहिलेली नव्हती. ती संस्काराची वही होती. जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख एक नव्हे. दोहोंच्या दरम्यान जे मूल गेले, ते बाप्तिस्म्याच्या वहीत नाही आणि पुष्कळदा मृत्यूच्या वहीतही नाही. इंग्लंडमधील अन्यपंथीय, त्यांत आपले कॅथलिकही आले, अधिकृत चर्चच्या वहीत क्वचितच सापडतात. ही उणीव त्यांनी अंदाजाने भरून काढली आणि अंदाज कसा केला ते उघडपणे सांगितले. विदा कशी वापरावी याचा हा वस्तुपाठ आहे.

वसई परिसरात पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता आणि त्या काळाची खूण आपल्या आडनावांवर आजही आहे. आपल्या पूर्वजांचा शोध घेणारे तरुण अलीकडे जुन्या वह्यांची चौकशी करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे की वहीतले नाव हे बहुधा संताचे नाव असते; घरात, शेतावर, विहिरीवर त्या बाईला ज्या नावाने हाक मारली गेली, ते नाव वहीत असेलच असे नाही. एखाद्या वर्षी बालमृत्यूंच्या नोंदी कमी दिसल्या, तर ते वर्ष सुखाचे गेले असे लगेच समजू नये. ज्या मुलाला वहीत जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी रडणारी आई त्या गावात होतीच. तिची नोंद नाही म्हणून तिचे दुःख घडलेच नाही, असे लिहिणारा इतिहास गणिताने शुद्ध असेल. तो सत्य नसेल.

आता शिक्षणाविषयी. आज मुलांच्या हाती असलेली साधने फादर बुसा यांच्या पत्त्यांहून लक्षपटींनी वेगवान आहेत. प्रश्न टाकला की सलग परिच्छेद लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. ती ज्या ग्रंथसंभारावर पोसली गेली, त्यात इंग्रजी मजकूर अमाप आणि मराठी त्या मानाने थोडा. आणि आपल्या बोलींतील मजकूर तर नाममात्र. ती आत्मविश्वासाने उत्तर देते, पण त्या उत्तरापाठी कोणाचे लेखन आहे आणि कोणाचे नाही, हे सहसा सांगत नाही. फादर बुसा यांच्या महासूचीत शब्दाशेजारी त्याचे स्थळ दिलेले असे. वाचक मूळ ग्रंथ उघडून पडताळा घेऊ शके. वेग वाढला आणि पडताळ्याची वाट अरुंद झाली, हा सौदा विद्येच्या क्षेत्रात परवडणारा नाही.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना यंत्र देण्यापूर्वी एकदा हाताने मोजायला लावावे. दोन विद्यार्थ्यांना एकाच कथेचे एकच पान द्यावे आणि त्यातील दुःख दाखवणारे शब्द स्वतंत्रपणे मोजायला सांगावे. दोघांचे आकडे बहुधा जुळणार नाहीत. एकाने 'डोळे भरून आले' हे मोजले असेल, दुसऱ्याने सोडले असेल. एकाला 'ती काही बोलली नाही' या वाक्यात दुःख दिसले असेल, दुसऱ्याला नाही. मग त्यांना आपापसात वाद घालू द्यावा. त्या वादातून त्यांना जे कळेल ते मोठ्या तक्त्यातूनही कळणार नाही : मोजण्यापूर्वी आपण वाचलेले असते, आणि वाचताना ठरवलेले असते. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनीही आकड्यांच्या तक्त्याबरोबर एक पान सक्तीचे करावे. सामग्री कोणी जमवली, कोणत्या हेतूने, काय वगळले आणि वर्गवारी कोणी ठरवली, एवढे त्यावर साध्या मराठीत लिहावे. ज्याला हे पान लिहिता येत नाही, त्याचा तक्ता कितीही देखणा असला तरी अपुरा समजावा.

याच्या उलट टोकाला जाणारे लोकही आहेत. 'साहित्य हृदयाचा विषय, तिथे आकड्यांचे काय काम?' असे म्हणून ते मोकळे होतात. हेही सोयीचे गृहीतच. आपल्या मनाला भावलेल्या चार ओव्यांवरून साऱ्या ग्रंथाविषयी विधान करणारा समीक्षकही निवडच करीत असतो. फक्त ती तो सांगत नाही. फादर बुसा यांनी 'इन' मोजला नसता, तर मोठ्या शब्दांच्या गर्दीत तो लहानगा शब्द कोणाच्या दृष्टीस पडला नसता. मोजणीने त्यांना नम्र केले, कारण आपण ज्या शब्दांना महत्त्वाचे समजत होतो ते तितके महत्त्वाचे नव्हते, हे तिने त्यांना दाखवले. मोजणीपासून शिकायचे ते हेच.

तेव्हा विदेशी वैर नको आणि तिची भक्तीही नको. दुसऱ्याने जमवलेली सामग्री हाती घेताना तिला दत्त म्हणून माथी लावण्यापूर्वी ती कोणाची गृहीते घेऊन आली आहे, हे शांतपणे तपासावे. त्या सामग्रीत गालारातेच्या मुलींचे श्रम आहेत, नकलाकारांची वळणे आहेत, दाखल्यात नसलेली आई आहे आणि वहीत न आलेले मूल आहे. त्यांची आठवण ठेवून केलेला अभ्यास कदाचित थोडा सावकाश होईल, त्याचे निष्कर्ष थोडे सावध असतील. पण मानव्यविद्या हे नाव सार्थ करायचे असेल, तर आपल्या मुलांना असाच अभ्यास शिकवणे प्राप्त आहे.